दगडूबाभाऊ गुत्तेदार

आमच्या घराचा पाया खणायच्या आधी आम्ही त्या घरात एक अख्खा दिवस राहिलो आहोत. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे एरवी माझ्या बोलण्यावर लोकांचा विश्वास असतो. इथं आले की मात्र थबकतात.

याला कारण दगडूबाभाऊ. आमच्याकडे जालन्याला घर बांधून देणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात आणि दगडूबाभाऊ आमचे गुत्तेदार. मूळचे भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायला त्यांना फोन लागत नाही. प्लॉटवर आले की पहिली चप्पल काढायचे. मला वाटलं, भूमीला मान देतायत. मी विचारलं तर म्हणाले, "मान काहाचा बाई. जमिनीचा उतार तळव्याला कळतो. चपलीला कळत न्हाई."

ते आम्हाला सापडले तिसऱ्या खेपेला. पहिला गुत्तेदार टॅबलेट घेऊन आला होता. त्यावर आमच्या घराचं चित्र होतं आणि पुढे नारळाची चार झाडं. आमच्या अंबड रोडच्या प्लॉटवर तेव्हा एक बाभूळ होती. काम किती महिन्यांत होईल, असं मी विचारलं की तो दुसऱ्या बाजूनं काढलेलं चित्र दाखवायचा. दुसरा गुत्तेदार प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणायचा. माझा नवरा सुनील बियाण्यांच्या कंपनीत आहे आणि तोही प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणतो. ते दोघं तासभर एकमेकांना हो म्हणत बसले आणि शेवटी काय ठरलं ते दोघांनाही सांगता येईना.

मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी दगडूबाभाऊंचं नाव सुचवलं. ते आले ते नेमके आमच्या भाड्याच्या घरी, जेवायच्या वेळेला. मी नकाशा पुढे केला, त्यांनी तो न उघडता बाजूला ठेवला. म्हणाले, "आधी जेवू. मंग बोलू." आणि जेवता जेवता प्रश्न सुरू केले.

"सकाळी पहिलं कोण उठतं?"

"सासूबाई," मी म्हणाले.

"उठून कुठं बसत्यात?"

"खिडकीशी."

"ओल्या छत्र्या कुठं ठेवता? गव्हाचं पोतं कुठं? पाव्हणे आले की पोरगी कुठं अभ्यास करती?" मग भाकरी मोडत, "भांडण झालं की कोण कुठं जाऊन बसतं?"

सुनील म्हणाला, "आमच्यात भांडणं होत नाहीत."

दगडूबाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "गॅलरीत. मी."

"मंग गॅलरी पायजेच," ते म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

गुत्तेदार नेमताना आधीची कामं बघावीत, एवढं मला ठाऊक होतं. मी तसं म्हणाले. ते लगेच तयार झाले. पुढच्या रविवारी आम्हाला राजूरला घेऊन गेले. मला वाटलं, आता त्यांनी बांधलेलं झकपक घर बघायला मिळणार. त्यांनी आम्हाला एका साध्या दुमजली घराच्या जिन्याशी उभं केलं आणि म्हणाले, "चढा."

मी चढले. सातव्या पायरीला अडखळले. सुनील माझ्या मागे होता, तोही तिथंच अडखळला.

"एक बोट उंच झालीय," दगडूबाभाऊ खालून म्हणाले. "माझीच चूक. घरवाल्यांना सवय झाली, पाव्हण्यांना होत न्हाई. आता चांगली कामं कुणीबी दाखवंल. तुम्हाला मी ठेवायचं का न्हाई, हे हितं बघून ठरवा."

घरमालकीण दारात उभी राहून हसत होती. तिनं चहा दिला आणि सांगितलं की गुत्तेदार दर दिवाळीला येतात, पायरी फोडून देतो म्हणतात आणि आम्हीच नको म्हणतो. वीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासते आहे. चुकलेलं गणित स्वतःहून उघडून दाखवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. परत येताना गाडीतच मी सुनीलला म्हणाले, हेच. सुनील हो म्हणाला.

आणि मग तो रविवार आला. सकाळी आम्ही प्लॉटवर पोचलो तर दगडूबाभाऊंनी चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर सगळं घर आखून ठेवलं होतं. भिंती, दारं, मोरी, देवघर, सगळं.

"आज सांजच्यापर्यंत हितंच राहायचं," ते म्हणाले. "काय अडचण येती ती आज सांगा. उद्या मी खणायला लागलो की मंग तुम्ही माझं ऐकायचं."

आम्ही राहिलो. सासूबाई पांढऱ्या रेघांच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या. आमची सायली तेव्हा बारावीला होती. ती तिच्या खोलीत चटई टाकून बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली की माझ्या खोलीत ऊन फार येतंय. सुनील पाणी प्यायला हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात निघाला.

"साहेब, भिंत हाय," दगडूबाभाऊ बाभळीखालून ओरडले.

सुनील "सॉरी" म्हणाला, मागे फिरला आणि दारातून वळसा घालून आत गेला. शेजारच्या प्लॉटवरचे एक गृहस्थ चौकशीला आले, तेही रेघेशी थांबून "येऊ का?" म्हणाले. त्यांना दारातूनच आत घेतलं.

दुपारपर्यंत सासूबाईंच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातून फाटकाशी कोण आलं ते दिसतच नाही आणि दर वेळी उठावं लागतं. दगडूबाभाऊंनी पायानं दोन रेघा पुसल्या आणि स्वयंपाकघर पुढे आणलं. नकाशा काढणाऱ्या इंजिनियरनं नंतर कुरकुर केली. दगडूबाभाऊ त्याला म्हणाले, "तुमचं बराबर हाय. फकत तुम्ही त्या घरात राह्यला नव्हते, आम्ही राह्यलो."

आता असं वाटेल की आमचं सगळं गोडीत चाललं होतं. तसं नव्हतं. भिंती छातीएवढ्या आल्या तेव्हा दगडूबाभाऊ दोन दिवस आष्टीला दुसऱ्या कामावर गेले होते. त्या दोन दिवसांत मिस्त्रींनी स्वयंपाकघराची भिंत भराभर वर नेली. मी शाळेतून येऊन बघितली, मला फार आवडली. फोटो काढला, बहिणीला पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर भिंतीच्या जागी विटांचा ढीग आणि शेजारी दगडूबाभाऊ, हात झटकत.

"इटा भिजवल्या न्हाईत," ते म्हणाले. "कोरडी इट सिमेटातलं पाणी पिऊन टाकती. दोन वर्षांत चिरा पडल्या असत्या. पाडली. खर्चा माझा."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "दगडूबाभाऊ, भिंत माझी होती. मला एका शब्दानं विचारलं नाहीत. आता बस. उद्यापासून मी दुसरा गुत्तेदार बघते."

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते विटांवर बसले. म्हणाले, "बाई, पोरानं गणित चुकवलं तर तुम्ही त्याला तसंच फुडं लिहू देता का पुसायला लावता?"

"पुसायला लावते. पण आधी त्याला चूक दाखवते. मग तो स्वतः पुसतो. तुम्ही वहीच फाडलीत."

ते हातातला विटेचा तुकडा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "हे मला आजवर कुणी सांगितलं न्हाई." आणि उठून विटा पाण्यात टाकायला लागले.

मी दुसरा गुत्तेदार बघितला नाही. पण त्या दिवसापासून मला फोन यायला लागले. "बाई, पाडू का?" नमस्कार नाही, कसं काय नाही, एकदम "पाडू का?" कधी भिंत, कधी ओट्याचा कोपरा, एकदा तर, "बाई, चौकटीचा खिळा काढू का?" त्यांचा आवाज फोनबाहेर सहज ऐकू यायचा. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फोन वाजला की सगळ्या बाया एका सुरात म्हणायच्या, "पाडा." मुख्याध्यापिकांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं की घरी सगळं ठीक आहे ना.

खिळा काढायलाही विचारणारा हा माणूस एका बाबतीत मात्र अडून बसला. स्लॅब कधी टाकायचा, ही ती बाब. त्यांनी एक रविवार धरला होता. त्या आठवड्यात सायलीची परीक्षा होती. मी म्हणाले, एक आठवडा पुढे ढकलू. ते म्हणाले, "त्याच दिवशी. बिलकुल बदलायचं न्हाई." मी कारण विचारलं, तर तोंड फिरवून सळया मोजायला लागले.

स्लॅब त्याच रविवारी टाकला गेला. दगडूबाभाऊ दिवसभर उन्हात उभे होते, जेवले नाहीत. खिशातला फोन चार-पाच वेळा वाजला. त्यांनी तो काढून बघितला आणि परत ठेवला. मला वाटलं, कामाच्या गडबडीत असतील.

काम सुरू झाल्यापासून आठ महिन्यांनी घर पूर्ण झालं. वास्तुशांतीला दगडूबाभाऊ आले, पण आत येईनात. बाहेर ओट्यावर बसले. म्हणाले, "घर एकदा दिलं की तुमचं. आता मी पाव्हणा." मी ताट तिथंच नेऊन दिलं. सुनीलनं त्यांच्यासाठी पोशाख आणला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि सहज म्हणाला, "मुलाला पण आणायचं होतंत."

"गजू पुण्याला असतो. कंपूटरमधी. त्यानंबी घर घेतलं यंदा."

"अरे वा. मग वास्तुशांत झाली असेल."

"झाली की," दगडूबाभाऊ वरणात भात कालवत म्हणाले. "तुमचा स्लॅब टाकला त्या दिवशी."

मी तिथंच ओट्यावर बसले. "ती तारीख तर तुम्हीच धरून बसला होतात."

"हां."

"मुद्दाम?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बाई, त्यानं घर घेतलं, पण घेताना मला इचारलं न्हाई. घेऊन झाल्यावर सांगितलं. त्याची चूक न्हाई. शाळेत असताना त्यानं घराचं चित्र काढलं, तर मी म्हणलो खिडकी वाकडी हाय. दिवाळीत किल्ला केला, तर म्हणलो बुरूज टिकायचा न्हाई. त्याची माय म्हणायची, एकदा तरी चांगलं म्हणा. चार वर्षं झाली, ती गेली. मी त्या दिवशी गेलो असतो तर धा लोकांत काई तरी बोललो असतो. मला माझी जीभ ठावं हाय. म्हून स्लॅब हाय म्हणलो. गुत्तेदाराचं पोरगं हाय, स्लॅब सोडता येत न्हाई हे त्याला कळतं."

"आणि नंतर? इतक्या महिन्यांत?"

"बोलावतो की. दर आठवड्याला बोलावतो. मीच काई तरी सांगून राह्यलो."

सायलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि आम्ही तिला सोडायला निघणार होतो. मी म्हणाले, "आमच्या गाडीत एक जागा आहे." त्यांनी ताट पुन्हा उचललं. चार दिवसांनी शाळेत फोन आला. "बाई, येऊ का?"

निघायच्या दिवशी ते नवा पोशाख घालून, मांडीवर पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसले. पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती. गजूला आवडते म्हणून स्वतः कुटलेली. संभाजीनगरपर्यंत पिशवी धरून समोरचा रस्ता बघत होते. वाळूज मागे पडल्यावर एकदम वळले.

"बाई, तुमच्या शाळेत पोरांना भाषणं शिकवत्यात ना. मला तीन-चार वाक्यं द्या. तेवढीच बोलतो. दुसरं काई तोंडातून निघायला नगं."

मी काही सुचवायच्या आत सायलीनं काम हातात घेतलं. "आजोबा, म्हणा, घर छान आहे."

"घर छान हाय."

"हवेशीर आहे."

"हवेशीर हाय."

"उजेड भरपूर आहे."

इथं ते अडले. "आन नसला तर?"

"तरी म्हणायचं."

"खोटं?"

"खोटं नाही आजोबा. कौतुक."

त्यांना हा फरक पटला नाही, पण त्यांनी पाठ केलं. नगर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, एखादं जादा असू द्या. सायलीनं चौथं वाक्य दिलं, "जागा मोक्याची आहे."

गजूचं, म्हणजे गजाननचं, घर चौथ्या मजल्यावर होतं. तो लिफ्टशीच उभा होता. तिशीतला, वडिलांसारखाच काटक, रविवार असून इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं वडिलांच्या पाया पडून पिशवी घेतली. आम्ही निघतो म्हणालो, पण त्यानं ऐकलं नाही. त्याच्या बायकोनं, पूजानं, पाणी आणलं.

हॉल लहान होता. खिडकी होती, पण समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. दुपारचे तीन वाजले होते आणि ट्यूब लावलेली होती. पंखा शेवटच्या आकड्यावर फिरत होता, तरी सुनीलनं कपाळ पुसलं. आणि एका कोपऱ्यात, अगदी छताला चिकटून, राजूरच्या गणपतीचा मोठा फोटो होता. इतक्या उंचावर कुणी फोटो लावत नाही. फोटोच्या कडेनं ओलीचा तपकिरी डाग बाहेर डोकावत होता.

दगडूबाभाऊंनी मान वर करून फोटो बघितला. बराच वेळ बघितला. गजाननचा चेहरा उतरत चालला होता. मग दगडूबाभाऊंनी हात जोडून नमस्कार केला आणि खाली बसले.

"बाबा, सगळं बघून तर घ्या," गजानन म्हणाला. त्यानं त्यांना आतल्या खोल्या दाखवल्या, बाथरूम दाखवलं. दगडूबाभाऊ हात पाठीमागे बांधून फिरले आणि परत येऊन बसले. गजानन उभाच होता. निकालाच्या दिवशी माझ्या टेबलाशी पोरं उभी राहतात, तसा.

"घर छान हाय," दगडूबाभाऊ म्हणाले.

गजाननला ते ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. तो तसाच बघत राहिला.

"हवेशीर हाय."

वर पंखा घरघरत होता. मी फरशीकडे बघत बसले.

"उजेड भरपूर हाय."

सायलीला खोकला आला. चौथं वाक्य मात्र त्यांना आठवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ओठ हलवून सांगायचा प्रयत्न केला, त्यांना कळलं नाही. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गजू, तुझ्या मायला लई आवडलं असतं."

गजानन पूजाला म्हणाला, "चहा टाकायचा राहिला," आणि ती उठायच्या आत स्वतःच आत गेला. चहा व्हायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सायलीला सोडून आम्ही त्यांना परत न्यायला गेलो, तर ते खाली फाटकाशी येऊन थांबले होते, हातात पिशवी नव्हती. म्हणाले, "तुम्ही व्हा फुडं. दोन दिवस राहतो म्हणतो."

ते अकरा दिवस राहिले.

पुढे महिनाभरानं गजाननचा मला फोन आला. "मॅडम, बाबा इथं काय करत होते, तुम्हाला त्यांनी सांगितलं का?"

मला काहीच माहीत नव्हतं. मग त्यानंच सांगितलं. तो आणि पूजा ऑफिसला गेले की दगडूबाभाऊ वरच्या मजल्यावर जायचे. तिथल्या लोकांशी ओळख काढून त्यांनी त्यांच्या मोरीची गळका पाइप बदलून दिला. मग खालचा ओला कोपरा खरवडला, गिलावा केला, सुकू दिला, रंग दिला. आणि फोटो होता तसाच, होता तिथंच परत टांगला, कुणाला कळू नये म्हणून.

"पूजाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," गजानन म्हणाला. "त्यांच्या कानामागे सिमेंट होतं. आम्ही यायच्या आत आंघोळ करून टीव्हीसमोर बसलेले असायचे, दिवसभर जागचे हललेच नाहीत असे. आम्हीपण काही बोललो नाही."

"चांगलं केलंत," मी म्हणाले.

"परवा आवरताना वॉशबेसिनखाली गिलाव्याची एक थापी सापडली. नवीन. इथंच कुठंतरी विकत घेतली असणार. मी फोन करून विचारलं, बाबा, कुणाबरोबर पाठवून देऊ का? तर म्हणाले, राहू दे. आल्यावर लागंल."

मग म्हणाला,

"मॅडम, बेडरूमचं दार खाली घासतंय. पूजा म्हणत होती, सुताराला बोलवू. मी तिला म्हणालो, थांब जरा."